आदेश सरनोबत म्हणजे मी

नारायणगावच्या एसटी स्टँडवर पुस्तकांचा एक गाळा आहे. दहावी-बारावीची गाईडं, पंचांग, पाककृतींची पुस्तकं, आणि वर दोरीला चिमटे लावून टांगलेल्या कादंबऱ्या. ताहेरा कागदी तिथं पेनं घ्यायला थांबली होती. सहज वर पाहिलं, तर दोरीवर धर्माजी.

मोजणीदार धर्माजी. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेला, गावोगावच्या जमिनीच्या हद्दी पाठ असलेला, आणि बांधावर पडलेल्या मुडद्याचा खुनी पोलिसांच्या आधी शोधून काढणारा म्हातारा. 'आदेश सरनोबत' या नावानं त्याच्या बारा कादंबऱ्या निघाल्या होत्या. बाराही ताहेरानं लिहिल्या होत्या. ही तेरावी होती, आणि ती तिनं लिहिलेली नव्हती.

"हे कधी आलं, भाऊ?"

"चार दिस झाले. लई जातंय," गाळेवाला म्हणाला. "तुमी वाचता व्हय धर्माजी?"

"वाचते," ती म्हणाली. पुस्तक घेतलं आणि पेनं घ्यायची विसरून दुकानावर आली.

दुकान नवऱ्याचं. मेहबूब पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा. टोमॅटोच्या हंगामात जळालेल्या मोटारींची रांग लागायची, आणि तो आत तांब्याच्या तारा गुंडाळत असताना ताहेरा बाहेर टेबलाशी बसून गिऱ्हाईक बघायची. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, दोनशे पानी वह्यांमध्ये, चौदा वर्षांत तिनं धर्माजी लिहिला होता. तिचे अब्बा जुन्नरच्या मोजणी कार्यालयात शिपाई होते, जमीन मोजायची साखळी ओढायचे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची वीतभर बांधासाठी होणारी भांडणं त्यांनी जन्मभर पाहिली आणि रोज घरी येऊन सांगितली. धर्माजी त्यातून आला.

आदेश सरनोबत मात्र पुण्यातून आला. पहिली वही घेऊन ती प्रकाशकांकडे गेली, तेव्हा थोरले साहेब हयात होते. त्यांनी वही दोन दिवसांत वाचली, पाठ थोपटली आणि म्हणाले, "नाव बदलू या. ताहेरा कागदी आणि मराठी रहस्यकथा? वाचकाला वाटेल, भाषांतर आहे."

"मी मराठीतच लिहिलंय, साहेब."

"मला माहीत आहे हो. दुकानदाराला कोण सांगणार?"

तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. पुस्तक निघतंय याच आनंदात होती. तिनं सही केली. घरात मेहबूबला माहीत होतं आणि बहिणीला. बाकी नारायणगावात, जुन्नरात कुणालाच नाही. तालुक्याच्या साहित्य संमेलनात दरवर्षी वीस कवी व्यासपीठावर बसायचे, ताहेरा मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवायची, आणि शेजारची बाई पदराआड धर्माजी वाचत असायची.

बारावी कादंबरी आली तोवर थोरले साहेब वारले होते. कारभार मुलाकडे, मोहितकडे गेला होता. दहा महिन्यांपूर्वी त्यानं फोन केला. "मॅडम, मालिका थांबवतोय. तुमची चूक नाही. वरचे चार लेखक धो धो खपतात. खालचे नवे लेखक पदरचे पैसे घालून छापून घेतात. मधली फळी परवडत नाही. वाचनालयांचं अनुदान वेळेवर येत नाही, आणि पुस्तक आलं की आठवड्यात त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते. तुमची पुस्तकं बुडत नाहीत, पण उडतही नाहीत."

तिला वाईट वाटलं होतं, पण हिशोब पटला होता. परवडत नाही तर नाही. महिनाभर ती गप्प गप्प होती, मग सावरली.

आणि आता हे पुस्तक.

तिनं ते दुकानातच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर धर्माजी जुन्नर रेल्वे स्टेशनवर उतरला. ताहेरानं पान परत वाचलं. जुन्नरला रेल्वे आली कधी? सहाव्या प्रकरणात त्यानं चाळीसऐवजी दहाच गुंठ्यांचा एकर केला. चाळीस वर्षं जमीन मोजलेला माणूस! ती दात आवळून पुढं वाचत गेली. आणि विसाव्या प्रकरणात रुक्साना आली.

रुक्साना ही ताहेराच्या कादंबऱ्यांमधली बांगडीवाली. डोक्यावर टोपली घेऊन पिंपळवंडीपासून कळंबपर्यंत गावं हिंडणारी. बायकांचा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता ती घरातलं सगळं काढून घ्यायची, आणि धर्माजीचं अडलेलं कोडं बहुतेक वेळा तीच सोडवायची. ताहेराची फुफी, अब्बांची बहीण, अशीच होती. मेली तेव्हा आठ गावांतल्या बायका मातीला आल्या होत्या.

या पुस्तकात खुनी रुक्साना होती. टोपलीच्या तळाशी सुरा ठेवणारी, लेकीबाळींना फूस लावून पळवणारी, गोडबोली, विषारी बाई. शेवटच्या पानावर धर्माजी तिच्या थोबाडीत मारतो आणि म्हणतो, "तुमची जातच अशी."

ताहेरानं पुस्तक मिटलं. टेबलावर आपटलं. मेहबूब आतून कापडाला हात पुसत आला.

"काय झालं गं?"

तिनं शेवटचं पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं सावकाश वाचलं. मग पुस्तक उलटं करून टेबलावर ठेवलं.

"हे तू न्हाई लिहिलं."

"पण नाव तेच आहे. वाचणाऱ्याला काय कळणार? ज्यानं बारा पुस्तकं रुक्सानाला जीव लावला, त्याला वाटेल लेखकानंच शेवटी खरं सांगितलं."

तिनं तिथूनच मोहितला फोन लावला. त्यानं उचलला, ऐकून घेतलं, आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलला. "मॅडम, करार बघा. आदेश सरनोबत हे नाव आमचं, पात्रंही आमची. आता आम्ही टीमकडून लिहून घेतो. आमच्या अॅपवर ऐकायलाही आहे. पहिल्या आठवड्यात तुमच्या बारा पुस्तकांपेक्षा जास्त लोकांनी ऐकलं."

"तुम्ही तर म्हणाला होतात, मालिका परवडत नाही."

"तशी परवडत नव्हती. अशी परवडते."

"रुक्सानाला खुनी कुणी केलं?"

"ट्विस्ट आहे तो. लोकांना आवडलाय."

"तो ट्विस्ट माझ्या फुफीच्या तोंडाला काळं फासतो. पुस्तक मागं घ्या."

"तुम्ही भावनिक होताय," मोहित म्हणाला. "आणि एक विचारू? आदेश सरनोबत म्हणजे तुम्ही, हे कुणाला माहितीये?"

त्यानं फोन ठेवला. एक शेतकरी जळकी मोटार घेऊन आला, दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. चौदा वर्षं तिला वाटत होतं, नाव लपवणं ही थोडीशी तडजोड आहे. त्याच तडजोडीनं आज तिचे हात बांधले होते. आणि राग जितका मोहितचा होता, तितकाच त्या तेहेतीस वर्षांच्या, आनंदानं सही करणाऱ्या बाईचा होता.

दोन आठवड्यांनी मेहबूबच्या व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात फिरत आली. कळंबच्या एका वाचनालयाचा वर्धापनदिन. रविवारी सकाळी दहा वाजता. 'लेखक आपल्या भेटीला : मोजणीदार धर्माजीचे जनक आदेश सरनोबत.'

"हा कोन आता?" मेहबूब म्हणाला.

"बघायला जाते," ताहेरा म्हणाली.

"मी येतो."

"नको. तू आलास की लोक म्हणतील, माणसं घेऊन भांडायला आली."

रविवारी ती जीपनं कळंबला उतरली. वाचनालयाच्या सभागृहात शंभरएक माणसं होती. शिक्षक, पेन्शनर, बचत गटाच्या बायका, कॉलेजची मुलं. इतकी माणसं धर्माजीसाठी आली होती. हे पाहून तिला आनंद झाला, आणि त्यामुळेच जास्त संताप आला. ही तिची माणसं होती. चौदा वर्षांत तिनं त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

व्यासपीठावर नवा कोरा सदरा घातलेला तिशीतला एक माणूस बसला होता. शेजारी वाचनालयाचे ग्रंथपाल हौशीराम, सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. त्यांनी प्रास्ताविक केलं, शाल-श्रीफळ दिलं. पाहुण्यानं पाठ केल्यासारखं दहा मिनिटांचं भाषण केलं. मग हौशीराम म्हणाले, "कुनाला काय इचारायचं असंल तर इचारा."

ताहेरा उभी राहिली.

"नव्या कादंबरीत धर्माजी जुन्नर स्टेशनवर उतरतो. हे स्टेशन कुठं आहे?"

सभागृहात हशा पिकला. पाहुणा ओशाळं हसला. "कल्पना असते, मॅडम. लेखकाला तेवढी मोकळीक..."

"बरं. एकरात गुंठे किती?"

आता माणसं माना वळवून तिच्याकडं पाहायला लागली. पाहुणा सदऱ्याची बाही सारखी करू लागला.

"राहू द्या. एकच सांगा. रुक्साना बारा पुस्तकं धर्माजीबरोबर हिंडली. सहाव्या पुस्तकात त्याला ताप आला तेव्हा तिनं त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिनं तेराव्यात खून का केला? तिला काय पाहिजे होतं? तुम्ही तिचे जनक आहात. तुम्हाला माहीत असणार."

पाहुण्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "ते... वरून सांगितलं होतं. तसं केलं की चालतं म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"ऑफिसात." त्यानं शाल खांद्यावरून काढली. "मी एकट्यानं नाही लिहिलं. प्रकरणं ठरवून दिली होती. बावीस दिवसांत द्यायचं होतं. मी आदेश सरनोबत नाही. मला फक्त इथं बसायला सांगितलंय."

सभागृहात गलका झाला. कुणी "फसवणूक!" म्हणून ओरडलं. वाचनालयाचे अध्यक्ष उठून उभे राहिले. तेवढ्यात मागून एका शिक्षकानं मोठ्यानं विचारलं, "मग तुम्ही कोण, बाई?"

चौदा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "मी ताहेरा कागदी. नारायणगावला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसते. पहिल्या बारा कादंबऱ्या मी लिहिल्या. आदेश सरनोबत म्हणजे मी."

कुणीतरी हसलं. "आता हे एक नवीन!" दुसरा म्हणाला, "कशावरून?" आणि तिसरा, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "या लोकांना मराठी..."

"वाक्य पुरं करा," ताहेरा त्याच्याकडं वळून म्हणाली. "या लोकांना मराठी काय? तुमच्या मांडीवर माझं चौथं पुस्तक आहे. तुम्ही ते तीनदा तरी वाचलं असेल, पाठ फाटलीये त्याची. मराठीत नव्हतं का ते?"

तो माणूस खाली बघू लागला. पण बाकीच्यांच्या तोंडावरचा संशय हटला नव्हता. तिच्याकडं पुरावा नव्हता. वह्या घरी होत्या, करारही घरीच.

हौशीराम हळूच पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले.

"बाई, मी आठ वर्सांमागं लेखकाला पत्र धाडलं व्हतं. पुण्याच्या पत्त्यावर. काय लिव्हलं व्हतं, सांगता का?"

तिला फार आठवावं लागलं नाही. वाचकांची पत्रं वर्षाला दोन-चार यायची. थोरले साहेब ती एका पाकिटात घालून पाठवायचे. ती सगळी तिला तोंडपाठ होती.

"पाचव्या पुस्तकात मी दिवाळीत हुरडा पार्टी दाखवली होती. तुम्ही लिहिलंत, 'लेखक महाशय, दिवाळीत हुरडा कुठं मिळतो ते कळवा, आमीबी येतो.'"

हौशीरामांनी चष्मा काढला. "आन् उत्तर?"

"चूक झाली म्हणून लिहिलं होतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते म्हणून."

"करते," हौशीराम म्हणाले. ते सभेकडं वळले. "ऐकलं का? करते! ते पत्र माझ्याकडं हाये. खाली सही आदेश सरनोबतची, आन् आत लिव्हलंय 'दुरुस्त करते'. आठ वर्सं मी डोकं खाजवतोय, की ह्यो बाप्या करते का म्हनतो!"

आता जो हशा झाला तो वेगळा होता. पहिल्या रांगेतल्या बयाबाई नावाच्या आजी उठल्या, ताहेराचा हात धरून तिला ओढतच व्यासपीठाकडं घेऊन गेल्या. "बस हितं. आन् रुक्सानाचं काय ते नीट सांग. मी लई रडले ते वाचून."

ताहेरा तासभर बोलली. कॉलेजच्या मुलांनी मोबाईलवर ते सगळं टिपलं. रुक्साना कशी सुचली ते सांगितलं, फुफीचं सांगितलं, करारात काय होतं ते सांगितलं. मध्येच चिडून तिचा आवाज चढायचा, तरी कुणी उठून गेलं नाही.

सगळं आटपून ती बाहेर आली, तर तो पाहुणा पायरीवर बसला होता. शाल घडी करून शेजारी ठेवलेली. त्यानं नाव सांगितलं, ज्ञानेश्वर. गाव परभणीकडचं. त्याची स्वतःची एक भयकथांची कादंबरी दोन वर्षं मोहितच्या टेबलावर पडून होती. हे काम नीट केलंस तर ती छापू, असं मोहित म्हणाला होता.

"तुला कळत नव्हतं, काय लिहितोयस ते?"

"कळत होतं, मॅडम."

"मग?"

"तुमच्यासारखंच. पुस्तक निघायला पाहिजे होतं."

हे ऐकून तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. "मी फक्त माझं नाव सोडलं होतं," ती म्हणाली. "धर्माजीच्या तोंडून मी कधी कुणाला घाण बोलले नाही. तू माझ्यासारखा नाहीस." ती निघून गेली. जीपमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आपण जरा जास्त बोललो. पण परत फिरून त्याला तसं सांगावं असंही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर नारायणगावला दुकानावर आला. स्टॅम्प पेपरवर सगळं लिहून आणलं होतं: कुणी सांगितलं, काय बदलायला लावलं, खुनी कोण हे कुणी ठरवलं. खाली त्याची सही.

"यानंतर ते तुझी कादंबरी छापणार नाहीत," ताहेरा म्हणाली.

"न्हाई छापणार," तो म्हणाला. मेहबूबनं त्याला चहा दिला. तो पिऊन लगेच निघाला.

तिनं जुन्नरच्या वकिलाकडून नोटीस पाठवली. दीड महिन्यानं मोहितनं तिला पुण्याला बोलावलं. या वेळी त्याच्याबरोबर त्याचा वकील होता, आणि टेबलावर तयार कागद होता.

"कळंबचा व्हिडिओ फिरतोय," मोहित म्हणाला. "आम्हाला वाद नकोय. पुढच्या आवृत्तीत त्या पात्राचं नाव बदलतो. शेवटचं वाक्य काढतो. अॅपवरूनही काढतो. बदल्यात तुम्ही लिहून द्यायचं, की आदेश सरनोबत म्हणजे मी, असं इथून पुढं कुठंही म्हणणार नाही. कळंबला जे बोललात ते गैरसमजातून."

ताहेरानं कागद वाचला. सही केली तर रुक्साना सुटत होती. त्यासाठी तिला पुन्हा नाहीसं व्हावं लागणार होतं, आणि या वेळी खोटारडी ठरून.

"नाव बदलून काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"शबनम वगैरे."

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. तो गंमत करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"मोहित, तुमच्या वडिलांनी पुस्तकावरून माझं नाव काढलं तेव्हा त्यांना निदान थोडी लाज वाटली होती. मला ती दिसली होती. तुम्हाला काय काढलं हेसुद्धा कळत नाही. शबनम! माझं भांडण 'रुक्साना' या तीन अक्षरांशी आहे असं वाटतंय तुम्हाला? ती बाई खुनी का, याचं उत्तर तुमच्या टीमकडं एकच आहे, ती मुसलमान आहे. नाव काही ठेवा, उत्तर तेच राहणार. मी बारा पुस्तकं लिहिली. एकातही माणसानं खून उगाच केला नाही. बांध, भाऊबंदकी, मत्सर, भीती, काहीतरी खरं कारण होतं. एवढं साधं काम तुम्हाला जमलं नाही, आणि म्हणे मधली फळी परवडत नाही!"

"म्हणजे सही नाही?"

"नाही."

"मग पुस्तक आहे तसंच राहील. कोर्टात पाच-सात वर्षं सहज जातील."

"जाऊ द्या. पण मी बोलत राहीन."

तिनं कोर्टात लावलेला कज्जा अजून चालू आहे. धर्माजी तिला परत मिळालेला नाही. चौदावा भागही निघाला, कुणी लिहिला देव जाणे. हौशीरामांनी मात्र एक केलं. जुन्नर-आंबेगावातल्या ओळखीच्या ग्रंथपालांना फोन केले, आणि सतरा वाचनालयांनी तेराव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवली: 'या मालिकेचे पहिले बारा भाग ताहेरा कागदी यांनी लिहिले आहेत. हा भाग त्यांचा नाही.' पुण्याहून धमकीचं पत्र आलं. हौशीरामांनी ते वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावलं.

ताहेरा पुन्हा लिहायला बसली. धर्माजीला हात लावता येत नव्हता. रुक्सानाला लावू नका, असं वकीलही म्हणाला. मग तिनं नवीन बाई घेतली, फुफीच्याच घडणीची, फुफीच्याच नावाची. आठ महिन्यांत कादंबरी झाली. पुण्यातल्या दोघा प्रकाशकांनी नाही म्हटलं. एकानं वाचली तरी, दुसऱ्यानं वाचलीही नाही. शेवटी संगमनेरच्या एका छोट्या प्रकाशकानं तीनशे प्रती काढायचं कबूल केलं. सज्जन माणूस. मुखपृष्ठ तयार झाल्यावर त्यानं मोबाईलवर पाठवलं आणि मागोमाग फोन केला.

"ताई, चित्र कसं झालंय?"

"चित्र चांगलं आहे. नाव 'ता. कागदी' का टाकलंय?"

"आटोपशीर दिसतं. आणि काय आहे, दुकानदार लोक... तुम्ही समजून घ्याल."

मेहबूब आत मोटार चालू करून बघत होता. तिनं त्याला हातानं ती बंद करायला सांगितलं, म्हणजे पलीकडच्याला नीट ऐकू जावं.

"मी एकदा समजून घेतलं होतं," ती म्हणाली. "ताहेरा. पूर्ण लिहा, आणि कादंबरीच्या नावाएवढ्याच अक्षरांत. जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी वही परत न्यायला संध्याकाळच्या गाडीनं येते."



"नाही, नाही," तो म्हणाला. "टाकू की. पूर्णच टाकू."

"टाकलं की फोटो पाठवा," ताहेरा म्हणाली. "बघितल्याशिवाय छापायला द्यायचं नाही."